लेकीला जन्मजात सीएएच आहे : लग्न, गर्भारपण, बाळंतपण याबद्दल अनुभव हवेत

रामबाग_इंदूर :

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लेकीला विचारून लिहितेय. तिने आधी वाचलंय आणि दोन वाक्यं खोडलीत.

लेक २७ वर्षांची, इथेच एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करते. तिला जन्मापासून सीएएच आहे, पूर्ण नाव कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात, त्यांना कॉर्टिसॉल बनवता येत नाही. मग मेंदूकडून 'बनव, बनव' असा हुकूम सारखा सुटत राहतो, ग्रंथी वाढत जातात आणि कॉर्टिसॉलऐवजी पुरुषी हार्मोन्सच भरमसाट तयार होतात. तिचा प्रकार अंगात मीठ न टिकणारा. अठराव्या दिवशी ती दूध ओढेनाशी झाली, उलट्या सुरू झाल्या, वजन जन्माच्या वेळेपेक्षाही खाली गेलं. सोडियम घसरलेलं, पोटॅशियम चढलेलं. ज्या डॉक्टरांनी त्या रात्री ओळखलं, त्यांना मी आजही दिवाळीला फराळ पोचवते.

पहिलं वर्षभर दुधातून मीठ द्यायचं होतं. सराफ्यातून छोटा काटा आणला होता. त्यावर रोजचं एक ग्रॅम तोलायचं आणि आठ पुड्या बांधायच्या. सासूबाई बांधायच्या, अगदी अंगाऱ्याच्या पुड्यांसारख्या, चारी घड्या नीट घालून.

पुरुषी हार्मोन्समुळे जननेंद्रियाचे बाहेरचे अवयव वेगळे घडले होते, त्याचं लहानपणी एक ऑपरेशन झालं. आता कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिवसातून तीनदा आणि मीठ टिकावं म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोन एकदा. पाळी येते, पण मधून दोन-दोन महिने दांडी.

तर आता स्थळ आलंय. मुलगा आणि ती चार महिने बोलताहेत, दोघांना पसंत आहे. त्याला एवढंच माहीत आहे की ती रोज गोळ्या घेते. माझे प्रश्न दोन. तिला मूल होईल का, आणि होताना तिच्या जिवाला धोका किती? दुसरा, मुलाकडच्यांना काय आणि किती सांगायचं? नणंदबाई म्हणतात, थायरॉइडची गोळी आहे म्हणा आणि मोकळ्या व्हा. माझं मन तयार होत नाही.

पोहे_जिलेबी :

ताई, आधी स्वागत. माहिती काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

रामबाग_इंदूर :

त्या जाऊन सहा वर्षं झाली. काटा अजून देवघरात आहे.

मधुमालती :

ताई, मी ३३ वर्षांची. मलाही सीएएच आहे, तुमच्या लेकीचाच प्रकार. मुलगा चार वर्षांचा आहे, आत्ता शेजारी बसून माझ्या पर्समधली औषधाची डबी वाजवतोय. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर तरी हो असं आहे.

आता सविस्तर. लग्नानंतर आम्ही वर्षभर आपापलेच प्रयत्न केले, काही झालं नाही. इथल्या एका प्रजनन केंद्रात गेलो, त्यांनी थेट आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) खर्च लिहून दिला. माझ्या गोळ्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. मग एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, थांबा, आधी प्रोजेस्टेरॉन बघू. मला वाटलं होतं की अडचण पुरुषी हार्मोनची असणार. ते होतंच, पण त्याहून मोठी अडचण ही की आपल्या बिघडलेल्या ग्रंथी प्रोजेस्टेरॉनही ओतत असतात, अगदी पाळीच्या पहिल्या पंधरवड्यातही, जेव्हा ते जवळजवळ शून्य असायला हवं. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं आणि तोंडाशी चिकट स्राव जमतो. म्हणजे गर्भनिरोधक गोळी न खाताही तिचाच परिणाम अंगात चालू! माझं आलं २.८. ते ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली आणायचं होतं.

त्यासाठी पाच महिने गेले. रात्रीच्या डोसाच्या जागी प्रेडनिसोलोन (जास्त वेळ टिकणारं स्टिरॉइड) आली, फ्लुड्रोकॉर्टिसोन थोडी वाढली. दर महिन्याला पाळीच्या सुरुवातीला रक्त. चेहरा सुजला, भूक वाढली, चिडचीड झाली. पाचव्या महिन्यात आकडा ०.५ आला, तोपर्यंत पाळी नियमित झाली होती, आणि आठव्या महिन्यात दिवस राहिले. आयव्हीएफ नाही, काही नाही.

नंतरचं वेगळं लिहिते, मुलाने डबी उघडलीय.

अण्णा_सुदामानगर :

कन्येस आशीर्वाद. पण थोडं व्यवहाराचं बोलू का? आमच्या काळी कोण कोणाची फाइल बघत होतं? पत्रिका जुळली, मुलगी सुस्वभावी, संपलं. प्रत्येक घरात काही ना काही असतंच. मुलाकडचे तरी त्यांच्याकडची बीपी, शुगर, काकाचं वेड सांगतात का? सगळं आधी सांगाल तर मुलगी घरात बसेल. लग्न होऊ द्या, माया जडू द्या, मग हळूच सांगा.

मधुमालती :

अण्णा, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, यात जीव जाऊ शकतो.

आम्हांला ताप आला की गोळी दुप्पट-तिप्पट करावी लागते. निरोगी माणसाचं शरीर आजारपणात आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडतं, आमचं सोडत नाही. उलट्या लागल्या आणि गोळी पोटात टिकली नाही, तर हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच मांडीत द्यावं लागतं आणि मग दवाखाना गाठायचा. त्या वेळी आपण स्वतः देण्याच्या अवस्थेत असूच असं नाही. ग्लानी येते, बीपी पडतं. मग देणार कोण? नवरा, सासू, दीर, जे घरात असतील ते. ज्यांना 'थायरॉइड' सांगितलंय ते काय करतील? लिंबूपाणी देऊन झोपवतील.

माझ्या सासूबाईंनी संत्र्यावर सुई टोचायचा सराव केला. कुपीत पावडर असते, पाणी घालून हलवायची, बुडबुडा काढायचा, मग टोचायचं. तीन संत्री वाया गेली. चौथ्याला म्हणाल्या, आता जमलं, आता ही संत्री मात्र कुणी खाऊ नका. माझ्या गर्भारपणात दुसऱ्या महिन्यात रात्री अडीच वाजता त्यांनीच मला इंजेक्शन दिलं, कारण हे टूरवर होते.

आणि हरतालिका! माझ्या माहेरी आजीने कधी करू दिली नाही. निर्जळी उपास, त्यात मीठ नाही. ज्यांना माहीत नाही असं सासर पहिल्याच वर्षी हौसेने तो करायला लावेल.

नीलमोहर :

+१. हरतालिकेचं वाचून अंगावर काटा आला.

अण्णा_सुदामानगर :

इंजेक्शनचं मला ठाऊक नव्हतं. हे असं असेल तर माझं म्हणणं मी मागे घेतो. घरातल्यांना माहीत हवंच.

बालुशाही :

एक शंका. हे आनुवंशिक आहे ना? मग रामबागताईंच्या घरी कुणालाच नव्हतं, तर आलं कुठून? आणि पुढे नातवंडांत येणारच का?

ग्वाल्हेरची_डॉक्टरीण :

मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट आहे, ग्वाल्हेरला असते. इथे कुणाचा डोस ठरवणार नाही, पण बालुशाही यांच्या प्रश्नाचं उत्तर देते.

या आजाराच्या ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं, कॉर्टिसॉल बनवायला लागणारं एन्झाइम कमी असतं. त्याचा जीन सहाव्या गुणसूत्रावर आहे, नाव सीवायपी२१ए२. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही बिघडल्या तरच आजार. एकच बिघडली तर माणूस ठणठणीत, नुसता वाहक. ताई, तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघे वाहक असणार, आणि हे तुम्हांला कळायला काही मार्गच नव्हता. साधारण साठात एक माणूस वाहक असतो. भारतात आयसीएमआरने (सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने) पाच शहरांत लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा ५,७६२ बाळांमागे एकाला हा आजार सापडला. म्हणजे इंदूरसारख्या शहरात दर वर्षी काही बाळं यासह जन्मतात, आणि त्यातली काही निदानाआधीच जातात. मुलगे जास्त, कारण त्यांच्या बाहेरच्या अवयवांवरून काहीच शंका येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या झाल्या की जुलाब-उलट्यांची साथ समजून सोडून देतात.

आता नातवंडांचं. तुमची लेक प्रत्येक मुलाला एक बिघडलेली प्रत देणारच. प्रश्न जावयाचा. तो वाहक नसेल तर मुलं सगळी वाहक, आजारी कुणी नाही. तो वाहक असेल तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता. तपासणी केलीच नाही तर साठात एक गुणिले निम्मे, म्हणजे साधारण १२० त एक. म्हणून होणाऱ्या नवऱ्याची जीन तपासणी करायची. लेकीची आधी करा, तिच्यात कोणते दोष आहेत ते कळलं की पुढचं सोपं.

एक खबरदारी. या जीनला खेटूनच त्याचा एक निकामी जुळा बसलेला आहे, जवळजवळ हुबेहूब. साध्या पॅनल टेस्टमध्ये (एकदम बरेच जीन बघतात ती) दोघांची सरमिसळ होते आणि रिपोर्ट खुशाल 'नॉर्मल' येतो. लॅबला विचारा, सीवायपी२१ए२ साठी वेगळी पद्धत वापरता का, एमएलपीए (जीनच्या प्रती मोजायची पद्धत) करता का. नाही म्हणाले तर दुसरी लॅब.

आणि नात्यात लग्न असेल, आपल्यात मामेबहीण-आतेभाऊ करतात, तर शक्यता पुष्कळ वाढते. तिथे तपासणीशिवाय पुढे जाऊ नये.

बालुशाही :

धन्यवाद डॉक्टरताई. वाचनखूण साठवली. माझ्या मावशीच्या घरी असंच एक बाळ पंधराव्या-सोळाव्या दिवशी गेलं होतं, मुलगा. सगळे 'दृष्ट लागली' म्हणाले. आज पहिल्यांदा वाटतंय की कदाचित हेच असेल.

ग्वाल्हेरची_डॉक्टरीण :

इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही. पण त्या घरात पुढे कुणाला बाळ होणार असेल, तर तिसऱ्या दिवशी टाचेचं रक्त घेऊन १७-ओएचपी (या आजारात रक्तात साठणारं हार्मोन) तपासायला सांगा. एका थेंबाचं काम आहे.

बडोदेकर :

सगळी चर्चा बायकांची चालली आहे, म्हणून लिहितो. मी ३६, पुरुष, सीएएच. मीठ जाणारा नाही, त्याहून सौम्य, पण क्लासिकच, म्हणजे गंभीर गटातला.

लहानपणी माझी उंची धडाधड वाढली. तिसरीत वर्गात सगळ्यांत उंच, आठवीत सगळे माझ्या पुढे गेले. हाडं लवकर पिकली. बारावीनंतर मला वाटलं, उंची तर आता वाढायची नाही, गोळ्या कशाला? बंद केल्या. कुणी ओरडलं नाही. बारा वर्षं.

लग्न झालं. तीन वर्षं मूल नाही. सगळ्या तपासण्या अर्थात आधी बायकोच्या झाल्या. माझी झाली तेव्हा शुक्राणू शून्य. एका ठिकाणी दात्याचे घ्या म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफीत दोन्ही वृषणांत गाठी दिसल्या आणि सर्जन म्हणाले, कॅन्सर धरून चला, काढून टाकू. ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्या आठवड्यात मी रोज पहाटे कमाटीबागेत जाऊन नुसता बाकावर बसायचो.

बायकोने माझी लहानपणची फाइल माळ्यावरून काढली. त्यातला सीएएच शब्द तिने एका एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखवला. ते म्हणाले, ऑपरेशन थांबवा. या गाठी कॅन्सरच्या नाहीत, टार्ट म्हणतात. ॲड्रिनलच्या काही पेशी जन्माआधीच वृषणात राहून गेलेल्या असतात. गोळ्या बंद केल्या की मेंदूचा तोच हुकूम त्यांनाही मिळतो आणि त्या फुगतात. त्या नेमक्या अशा जागी असतात की शुक्राणूंची वाट दाबली जाते. शिवाय ग्रंथींतून आलेल्या जादा पुरुषी हार्मोनमुळे मेंदूला वाटतं की काम भागलंय, आणि तो वृषणांना सांगायचंच बंद करतो.

गोळ्या पुन्हा सुरू, जोरदार. नऊ किलो वजन वाढलं. अकराव्या महिन्यात रिपोर्टमध्ये थोडेसे शुक्राणू दिसले. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोठवून ठेवायला सांगितले. पुढे इक्सी केलं, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात ते. मुलगी दोन वर्षांची आहे. बायको वाहक नाही, हे आधीच तपासलं होतं.

ज्यांच्या घरी सीएएचचा मुलगा आहे त्यांना हात जोडून सांगतो : उंची थांबली म्हणजे औषध थांबलं असं नाही. वयात आला की वृषणांची सोनोग्राफी करून घ्या, गाठ हाताला लागायची वाट बघू नका. लाजेपायी माझी बारा वर्षं गेली.

ग्वाल्हेरची_डॉक्टरीण :

बडोदेकर, हे उघडपणे लिहिलंत, फार मोलाचं आहे. क्लासिक सीएएचच्या प्रौढ पुरुषांत या गाठी तीन-चार जणांमागे एकाला तरी सापडतात, आणि हाताला बहुतेक लागतच नाहीत. औषधाने सगळ्यांच्याच विरघळतात असं मात्र नाही. जुन्या झाल्या, आत व्रण पडले की मग काही केलं तरी शुक्राणू परतत नाहीत, ऑपरेशननेही नाही. म्हणून तरुणपणीच वीर्य तपासून गोठवून ठेवण्याचा विचार करावा.

नीलमोहर :

माझं थोडं वेगळं आहे. विषयांतर वाटलं तर क्षमस्व.

मला आठ वर्षं पीसीओडी म्हणून औषधं चालू होती. हनुवटीवर केस, पुरळ, पाळी लांबणं. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. तिसऱ्या डॉक्टरांनी एकच तपासणी जास्त लिहिली, १७-ओएचपी, पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी. २०० च्या वर आली. मग एक इंजेक्शन देऊन तासाभराने परत रक्त घेतलं, ती हजाराच्या वर गेली. नॉन-क्लासिक सीएएच, म्हणजे सौम्य प्रकार. हायड्रोकॉर्टिसोनची छोटी मात्रा सुरू केली आणि पुढच्या वेळी दिवस टिकले. मुलगी आता दुसरीत आहे.

म्हणून सुचवते, पीसीओडीची फाइल असलेल्या प्रत्येकीने हे एक नाव डॉक्टरांना विचारावं.

ग्वाल्हेरची_डॉक्टरीण :

विचारावं नक्की, पण घाबरू नये. पीसीओडीच्या बहुतेक जणींना हे नसतं. ज्यांना आहे त्यांनीही नवऱ्याची तपासणी करावी, कारण सौम्य आजार असलेल्या आईकडे एक प्रत गंभीर दोषाची असू शकते.

रामबागताईंचा मूळ प्रश्न, मूल होईल का. जुन्या पुस्तकांत क्लासिक सीएएच असलेल्या बायकांना मुलं फार कमी होतात असं लिहिलेलं असायचं. २००९ साली लंडनमधून एक अभ्यास आला. १०६ जणींपैकी केवळ २५ जणींनी आई होण्याचा विचार केला होता. प्रत्यक्ष प्रयत्न केला २३ जणींनी, आणि त्यांतल्या २१ जणींना गर्भ राहिला. बाकीच्यांनी विचारच केला नाही. कुणाला ऑपरेशनच्या जुन्या व्रणांमुळे शरीरसंबंध दुखतात, कुणाला आपल्या शरीराची लाज वाटते, कुणाला लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं की तुला होणार नाही. माझ्या ओपीडीत येणाऱ्या मुलींना मी हे आकडे कागदावर लिहून देते. आणि लग्नाआधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या, योनिमार्ग अरुंद असेल तर त्यावर उपाय आहेत. आयांना हा विषय काढणं जड जातं, म्हणून मीच काढते.

रामबाग_इंदूर :

डॉक्टरताई, हे वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. तिला 'तुला होणार नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं. पण 'होईल' असंही मी कधी म्हटलं नाही.

परदेशस्थ_सई :

माझ्या इथल्या एका मैत्रिणीला पहिलं बाळ सीएएचचं झालं. दुसऱ्या वेळी तिला गर्भारपणात डेक्सामेथासोन घ्यायचा पर्याय सांगितला होता, म्हणजे मुलगी असेल तर तिचे बाहेरचे अवयव नीट घडतात म्हणे. रामबागताई, तुमच्या लेकीने विचारून बघावं.

ग्वाल्हेरची_डॉक्टरीण :

सई, सद्भावनेने सुचवलंत, पण इथे मला ठामपणे नको म्हणायचं आहे.

ती गोळी नवव्या आठवड्याच्या आत सुरू करावी लागते. तेव्हा बाळ आजारी आहे का हे माहीत नसतं. आईवडील दोघे वाहक असतील तर आठांत एकच गर्भ आजारी मुलीचा, म्हणजे सात बाळांना विनाकारण तीव्र स्टिरॉइड. मेंदूवरच्या दूरच्या परिणामांची चिंता आहे, म्हणून ते प्रायोगिकच मानलं जातं, नैतिक समितीच्या देखरेखीबाहेर देऊ नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. शिवाय आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे, आणि तो कायदा का आला हे मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको.

याच कारणासाठी आईच्या स्वतःच्या उपचारातही गर्भारपणात डेक्सामेथासोन टाळतात. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोन वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) एका एन्झाइमने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात, बाळापर्यंत फार थोडं पोचतं. डेक्सा थेट पोचतं.

आणि एक दिलाशाची गोष्ट. सगळ्या आयांना भीती असते की आईच्या पुरुषी हार्मोन्सनी पोटातल्या मुलीवर परिणाम होईल. वार ती हार्मोन्स स्त्री-हार्मोनमध्ये बदलून टाकते. निसर्गाने तिथे चाळणी बसवली आहे.

रामबाग_इंदूर :

मग पोटात असतानाच कळतं का बाळाला आहे की नाही? कळलं तर पुढे काय करायचं असतं? माझ्या लेकीसारखं बाळ नको म्हणून काढून टाकायचं का? हा प्रश्न मला लिहवत नाहीये, पण लिहिते.

पुडीवाली :

मी ती लेक. आईच्या धाग्यावर नवीन खातं काढून आले. नाव आजीच्या पुड्यांवरून घेतलंय.

आई, मला बाळाचं कळून घ्यायचं असेल तर ते काटा देवघरातून खाली काढायला. दुसऱ्या कशासाठी नाही. दुसऱ्या कुणी वेगळा निर्णय घेतला तर मी तिला नावं ठेवणार नाही, पण माझं हे ठरलंय.

डॉक्टर, त्यासाठी पोटात सुई घालावी लागते का?

ग्वाल्हेरची_डॉक्टरीण :

नाही. तुमचा हेतू तयारीचा असेल तर जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळाचं रक्त पुरतं. मीठ जायला लागतं ते दुसऱ्या आठवड्यात, तोवर रिपोर्ट हातात असतो. ज्यांना आधी कळायला हवं असतं त्यांच्यासाठी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेतात, नोंदणीकृत केंद्रात, फक्त आजारासाठी. लिंग सांगत नाहीत.

पोहे_जिलेबी :

पुडीवाली, स्वागत! आजी असती तर आज तुमचीही दृष्ट काढली असती, मिठानेच.

मधुमालती :

बाळंतपणाचं राहिलं होतं, लिहिते. पुडीवाली, हे तुझ्यासाठी.

पहिले तीन महिने कोरड्या उलट्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटली तर परत घ्यायची, पुन्हा उलटली तर इंजेक्शन. दोनदा सलाइनला ॲडमिट झाले. चौथ्या महिन्यापासून शांत. शेवटच्या तीन महिन्यांत डोस साधारण पाव भागाने वाढवला. साखर दोनदा तपासली, आपल्यात गर्भारपणीचा मधुमेह थोडा जास्त दिसतो. एका लॅबने परस्पर १७-ओएचपी करून रिपोर्टवर लाल खुणा केल्या, मी रडले. डॉक्टर म्हणाले, हा आकडा गर्भारपणात सगळ्यांचाच चढतो, त्याच्या मागे लागायचं नाही. बीपी, वजन, चक्कर, सोडियम-पोटॅशियम बघायचं.

लहानपणच्या ऑपरेशनमुळे सिझेरियन ठरलं होतं. सातव्या महिन्यात एंडोवाल्या डॉक्टरांनी एक पान लिहून दिलं : कळा सुरू झाल्या किंवा ऑपरेशनला घेतलं की हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, मग २४ तासांत २०० मिलिग्रॅम, नंतर दोन-तीन दिवसांत हळूहळू रोजच्या डोसावर. त्या पानाच्या सहा झेरॉक्स काढल्या. एक फाइलच्या पहिल्या पानावर, एक भूलतज्ज्ञांना आधीच नेऊन दिली, एक नवऱ्याच्या पाकिटात, एक सासूबाईंच्या बटव्यात.

ऑपरेशनच्या रात्री झालं असं की ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, स्टिरॉइड आहे, सकाळी सरांना विचारून देऊ. सासूबाईंनी बटव्यातून घडी केलेला कागद काढला, त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, हे वाचा आणि आत्ता द्या, मी इथेच उभी आहे. दिलं. बाळाला पाजायला काही अडचण आली नाही, आपल्या गोळ्यांवर पाजता येतं.

अण्णा_सुदामानगर :

तुमच्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार.

बालुशाही :

फ्लुड्रोकॉर्टिसोन तुम्ही कुठून घेता? माझ्या ओळखीतल्या एकांना दवा बाजारात चार दुकानं फिरावी लागली.

मधुमालती :

नेहमीच्या दुकानदाराला सांगून ठेवायचं, तो मागवून देतो. दोन महिन्यांचा साठा घरात हवाच. आणि लग्नसराईत प्रवास असेल तर औषध हातातल्या पिशवीत ठेवायचं, मोठ्या बॅगेत नाही.

रामबाग_इंदूर :

मंडळी, धागा वर काढतेय. तीन आठवड्यांनी आले.

रविवारी मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घरी बोलावलं. नणंदबाईंना बोलावलं नाही. पोहे झाले, चहा झाला. मी बोलायला लागले आणि घसा दाटला. मग लेकच बोलली. पंधरा मिनिटं, सगळं. जन्माचं, ऑपरेशनचं, गोळ्यांचं, इंजेक्शनचं, मुलांचं. १०६ आणि २३ आणि २१ सुद्धा. कुपी काढून टेबलावर ठेवली.

मुलाचे वडील गप्प झाले. आई म्हणाल्या, आम्हांला थोडा वेळ हवा. ते गेले. त्या रात्री आम्ही कुणी जेवलो नाही.

गुरुवारी मुलगा एकटा आला. म्हणाला, आईबाबांना अजून पचायला वेळ लागेल, पण माझं रक्त घ्यायला कुठे जायचं ते सांगा. आणि जाताना उंबऱ्यात थांबून विचारलं, काकू, ती कुपी किती दिवस टिकते, एक्स्पायरी कुठे लिहिलेली असते?

पुढचं माहीत नाही. त्याच्या आईचा अजून फोन आलेला नाही.

बडोदेकर :

ताई, त्याने योग्य प्रश्न विचारला.

पुडीवाली :

रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतील म्हणाले. एमएलपीए करतात का ते विचारून घेतलं, करतात.

मधुमालतीताई, मला पुढच्या पाळीला प्रोजेस्टेरॉन आणि १७-ओएचपी दोन्ही द्यायचंय, लग्न ठरो न ठरो. सकाळची गोळी घेऊन जायचं की न घेता?

मधुमालती :

मी न घेता जाते, आठच्या आत. तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारून घे आणि दर वेळी तीच वेळ ठेव. गोळी आणि पाण्याची बाटली बरोबर ने, सुई निघाली की तिथेच बाकावर बसून घे. घरी येईपर्यंत थांबू नकोस.